जाळी तुटत नाही, निसटते: कापडी जाळी आणि मॉर्टर यांच्यातला बंध का सुटतो आणि काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. मॉर्टर ४० मेगापास्कलचं, जाळी कार्बनची किंवा चांगल्या काचेची, गणितात सगळं बसलेलं. पण नमुना अपेक्षेच्या अर्ध्या भारालाही टिकत नाही. भिंतीवर केलेलं काम असेल तर काही महिन्यांनी ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येतो. उघडून बघावं तर जाळी तुटलेलीच नसते. ती मॉर्टरमधून सरकलेली असते, नाहीतर मॉर्टर तिच्यापासून पापुद्र्यासारखं सुटलेलं असतं. मग सिमेंट वाढवलं जातं, पुन्हा तेच होतं, आणि आता आकुंचनाच्या भेगाही पडतात.

काच, कार्बन किंवा बेसॉल्टची कापडी जाळी मॉर्टरमध्ये बसवून जुन्या भिंती, खांब, कमानी मजबूत करणाऱ्यांसाठी आणि प्रयोगशाळेत त्याच्या पट्ट्या ओढून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: जाळी निसटत असेल तर मॉर्टरची दाबताकद हा शेवटचा संशयित ठेवा. मॉर्टर धाग्याच्या आत पोचलं का, हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर तुटलेल्या तुकड्यावर लिहिलेलं असतं, म्हणून तो फेकून देऊ नका.

पोलादी जाळीची सवय इथे चालत नाही

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडी आणि विटांच्या भिंतींना वेल्डेड जाळीचे पट्टे बांधून वर १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) गिलावा करण्याची पद्धत रुळली. आयएस १३९३५ या भारतीय मानकातही ती आहे. पद्धत चांगली आहे, गवंड्यांच्या हातात बसलेली आहे. अडचण अशी की पोलादी जाळी काढून तिच्या जागी कापडी जाळी आली, पण बाकी सगळं तसंच राहिलं: तीच वाळू, तोच थापीचा फटका, तोच दोन थरांमधला दिवसभराचा खंड.

पोलादाची तार भरीव असते. मॉर्टर तिच्या बाहेरच्या अंगाला चिकटलं की काम झालं, आणि आडव्या तारा वेल्ड केलेल्या असल्यामुळे प्रत्येक सांधा आपोआप खुंटीसारखा अडतो. कापडी जाळीचा धागा भरीव नसतो. कार्बनच्या १२-के धाग्यात १२,००० तंतू असतात, प्रत्येक साधारण ७ मायक्रॉन जाडीचा. ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे फक्त बारीक टाक्याची शिलाई किंवा लेपाचा थेंब असतो. तो सांधा पुष्कळ जाळ्यांमध्ये बोटाने सरकवता येतो. खरेदीपूर्वी हे करून बघाच. जो सांधा हातात सरकतो तो मॉर्टरमध्ये खुंटीचं काम फारसं करणार नाही.

थोडं गणित मांडतो, कारण ते एकदा डोळ्यांखालून गेलं की पुढचं सगळं सोपं होतं. या १२,००० तंतूंचं मिळून क्षेत्रफळ जेमतेम ०.४६ चौरस मिलिमीटर भरतं. सगळ्या तंतूंचे परीघ जोडले तर २६० मिलिमीटरहून जास्त होतात. पण ते एकत्र गुंडाळून धागा झाला की त्या धाग्याचा बाहेरचा परीघ तीन मिलिमीटरच्या आसपास राहतो, चपटा धागा असेल तर सहा. म्हणजे मॉर्टरला भेटतो तो एकूण पृष्ठभागाचा एक-दोन टक्के भाग. आता तंतूची ताकद ४,००० मेगापास्कल धरली तर धागा तोडायला सुमारे १,८०० न्यूटन लागतात. गोल धागा १०० मिलिमीटर मॉर्टरमध्ये रुतला असेल तर एवढा भार पोचवायला सरासरी ६ मेगापास्कल बंध हवा. कोरड्या, बिनलेपाच्या धाग्याकडून एवढी अपेक्षा ठेवणं व्यर्थ आहे. धागा तुटण्याआधी निसटणारच.

मॉर्टर आत का शिरत नाही? सिमेंटचे कण सरासरी १० ते २० मायक्रॉनचे, काही त्याहून बरेच मोठे. तंतूंमधल्या फटी एखाद-दोन मायक्रॉनच्या. कोथिंबिरीची अख्खी जुडी भज्याच्या पिठात बुडवली तर बाहेरच्या काड्यांना पीठ लागतं आणि आतल्या कोरड्या राहतात, तसं धाग्याचं होतं. बाहेरचे तंतू मॉर्टरने पकडलेले, आतले एकमेकांवर नुसते घासत राहिलेले. भार वाढला की बाहेरचे तुटतात आणि आतले दुर्बिणीच्या नळीसारखे सरकत बाहेर येतात.

जर्मनीत आखेन आणि ड्रेस्डेन इथे १९९९ पासून कापडी जाळीच्या काँक्रीटवर मोठं संशोधन झालं. आखेनच्या चाचण्यांपैकी एक मला विशेष आवडते. काचेचा धागा मॉर्टरमध्ये बसवायचा, एका टोकाने प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला कॅमेरा लावून धागा ओढायचा. जो तंतू तुटेल त्याचा ठिपका विझतो. आधी कडेचे ठिपके विझतात, मग हळूहळू आतले. एका धाग्याच्या आत किती वेगवेगळे भाग्य असलेले तंतू असतात, हे यातून स्पष्ट दिसतं.

आधी तुकडा वाचा

निदान इथूनच सुरू होतं, म्हणून थोडा वेळ काढा. फोनच्या कॅमेऱ्याला लावायचं साधं भिंग पुरतं.

धागा निसटलेल्या जागी मॉर्टरमध्ये गुळगुळीत, चकचकीत खाच उरली असेल आणि धाग्यावर मॉर्टरचा कणही नसेल, तर बंध धाग्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच सुटला. इथे संशय लेपावर घ्या. लेप गुळगुळीत इपॉक्सीचा असेल तर मॉर्टर त्याला धरत नाही. सुरुवातीला ताठ प्रतिकार, मग एकदम सुटका. रोलवर धूळ किंवा तेलकटपणा असेल तरी असंच दिसतं. तिसरं कारण साइटवर फार आढळतं: चिकटपणा यावा म्हणून जाळीवर लॅटेक्सचा (वाळल्यावर रबरासारखा होणारा दुधाळ पॉलिमर) हात मारला, मग जेवणाची सुट्टी झाली आणि मॉर्टर लावायला लोक आले तेव्हा तो हात वाळून गेला होता. ओलं लॅटेक्स जोडतं. वाळून त्याची फिल्म झाली की तेच थर वेगळे ठेवतं.

खाचेत बारीक केसांसारखा झुबका चिकटून राहिला असेल आणि बाहेर आलेला धागा मूळ धाग्यापेक्षा बारीक दिसत असेल, तर तो वर सांगितलेला प्रकार. बाहेरचे तंतू मॉर्टरकडे राहिले, आतले निसटले. याची खात्री करायला एक स्वस्त चाचणी आहे. नमुना धाग्याला आडवा कापा आणि कापलेलं टोक शाई घातलेल्या पाण्यात उभं ठेवा. आत कोरडी पोकळी असेल तर शाई धाग्याच्या मधोमध वर चढते. थोड्या वेळाने वरच्या अंगाला दुसरा काप घ्या आणि बघा. धाग्याच्या जागी रंगीत ठिपका दिसला तर मॉर्टर आत पोचलेलं नाही. याच वाटेने पुढे पावसाचं पाणी आणि अल्कलीही जाणार आहेत, त्यामुळे प्रश्न फक्त आजच्या ताकदीचा राहत नाही.

अख्खं मॉर्टर जाळीच्या पातळीत दोन पापुद्र्यांत उघडलं असेल, तर धाग्यापेक्षा जाळीच्या भोकांकडे बघा. खालचा आणि वरचा थर एकमेकांना फक्त या भोकांमधून भेटतात. भोकं लहान, धागे रुंद, वाळू जाड असेल तर भेट होतच नाही. पापुद्र्याच्या आतल्या बाजूला भोकांच्या जागी मॉर्टर तुटल्याचे खडबडीत ठसे दिसायला हवेत. तिथेही गुळगुळीत असेल तर वरचा थर लावेपर्यंत खालचा बसून गेला होता.

चौथा प्रकार जाळीचा नाहीच. जाळीसकट संपूर्ण थर भिंतीपासून निघाला आणि मागे चुन्याची किंवा विटेची धूळ चिकटली असेल, तर जाळी-मॉर्टरचा बंध ठीक आहे, पाया कच्चा आहे. जुना रंग, मऊ झालेला गिलावा, लोणा लागलेली वीट काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिंत आतून ओली आणि वरून कोरडी हवी. कोरडी तापलेली वीट मॉर्टरमधलं पाणी क्षणात ओढून घेते. मात्र जाळीचा दोष समजून लोक महागडी जाळी बदलतात ते बहुतेक याच प्रकारात, म्हणून हा वेगळा ओळखता यायला हवा.

मग बदलायचं काय

वाळूपासून सुरुवात करा. प्लास्टरची नेहमीची वाळू ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली असते, ती इथे उपयोगाची नाही. सगळ्यात मोठा कण एक ते दोन मिलिमीटरच्या आत ठेवा. भोक लहान असेल तर आणखी बारीक. क्रश सँड वापरत असाल तर तिच्यातले चपटे कण भोकांच्या तोंडाशी आडवे बसतात, तेव्हा चाळून आणि धुऊन घ्या. पाणी वाढवून मॉर्टर पातळ करू नका, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मॉर्टर प्रवाही करणारं रसायन) वापरा. सिमेंटचा काही हिस्सा मायक्रोसिलिकाने (सिलिकाची अतिबारीक भुकटी) बदलला तर खूप फरक पडतो, कारण त्याचे कण मायक्रॉनच्याही दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात आणि तंतूंच्या फटीत शिरू शकतात. मेटाकाओलिन, म्हणजे भाजलेल्या चिनी मातीची भुकटी, तीही उपयोगी. दोन्ही सिमेंटमधून सुटणारा चुना खातात, त्यामुळे काचेच्या धाग्याला पुढच्या काळात कमी त्रास होतो.

त्यानंतर लावण्याची पद्धत, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. पहिला थर तीन ते पाच मिलिमीटरचा, पसरला की लगेच जाळी. जाळी वर ठेवून वरून मॉर्टर थापायचं नाही. जाळी आधीच्या ओल्या थरात रंध्याने किंवा दात असलेल्या रोलरने दाबायची, इतकी की मॉर्टर भोकांमधून वर येऊन धाग्यांवर चढेल. हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. जिथे मॉर्टर वर आलं नाही तिथे पुन्हा दाबा. मग लगेच, ओल्यावर ओला, वरचा थर. उन्हात काम असेल तर एका वेळी एवढंच क्षेत्र घ्या जेवढं दोन्ही थरांसकट पूर्ण होईल. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी पहिला थर मिनिटांत कोरडा होतो; सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम घ्या, भिंतीला सावली धरा.

जाळी बिनलेपाची असेल तर धागे आधी पातळ स्लरीने भिजवणं फायद्याचं: सिमेंट, मायक्रोसिलिका, थोडं लॅटेक्स. ब्रशने धाग्याच्या दिशेने चोळायचं, आडवं नाही, नाहीतर तंतू तुटतात. आणि ती स्लरी ओली असतानाच मॉर्टर.

जाळी सरळ हवी. रोलमधून निघालेल्या जाळीला वळण असतं, त्या वळणासकट बसली तर भार आल्यावर आधी धागा सरळ होतो, मग ताण घेतो. तोवर मॉर्टरला भेगा पडून गेलेल्या असतात. आदल्या दिवशी उलट्या बाजूने गुंडाळून ठेवा, लावताना दोघांनी हलका ताण द्या. काच आणि कार्बन घडी सहन करत नाहीत. घडीच्या रेषेत तंतू तुटलेले असतात आणि वरून कळत नाही, म्हणून घडी घातलेला माल परत पाठवा. खांबाचा कोपरा गोल करून घ्या, धारदार कोपऱ्यावर हेच होतं.

लेपाचं दुधारी काम

इपॉक्सीने भिजवलेला धागा हा या सगळ्यावरचा सरळ उपाय दिसतो. आतले तंतूही कामाला लागतात, धागा भरीव तारेसारखा होतो. पण मग गुळगुळीतपणाचा प्रश्न येतो. त्यावर इपॉक्सी ओलं असताना बारीक कोरडी वाळू शिंपडून घट्ट होऊ देणं हा चांगला मार्ग आहे. बंध लक्षणीय वाढतो. मात्र बंध वाढला की कमजोर कडी सरकते. आता धागा निसटत नाही, तर वरचं मॉर्टर धाग्याच्या रेषेत उभं चिरतं, कारण पाच मिलिमीटरच्या आवरणावर आडवा ताण येतो. त्या चिरा दिसल्या तर बंध आणखी वाढवू नका. आवरण वाढवा, किंवा धागे जरा दूर असलेली जाळी घ्या.

उष्णतेचाही विचार करा. साध्या तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सी साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. पश्चिमेकडची गडद भिंत उन्हाळ्यात या पट्ट्याच्या जवळ जाऊ शकते. प्रयोगशाळेत २५ अंशांना मिळालेला बंध तिथे गृहीत धरता येत नाही. आगीचा धोका असलेल्या ठिकाणी तर सेंद्रिय लेपावर पूर्ण भिस्त ठेवणं मला पटत नाही.

काचेबद्दल एक कळकळीची विनंती. गिलाव्याच्या भेगा रोखायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चौरस मीटरला १४५ ते १६० ग्रॅमची रंगीत फायबर जाळी ही संरचनात्मक जाळी नव्हे. ती बहुधा ई-काच, म्हणजे अल्कलीला न टिकणारी साधी काच असते आणि तिचं संरक्षण फक्त वरच्या लेपावर असतं. सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ च्या वर असतो. लेप खरवडला गेला की ई-काच त्यात झिजते. संरचनात्मक कामाला अल्कलीरोधक काच लागते, जिच्यात झिर्कोनिया सुमारे १६ टक्के किंवा जास्त असतं. डोळ्यांनी दोन्हींत फरक कळत नाही. प्रमाणपत्रात झिर्कोनियाचा आकडा मागा, नुसतं "अल्कलीरोधक" या शब्दावर थांबू नका, कारण तो शब्द लेपाबद्दलही छापलेला असतो.

चाचणीच खोटं सांगत असेल तर

विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या तक्रारींत बरेचदा बंध निर्दोष असतो आणि पकड दोषी. पट्टीच्या टोकांना धातूच्या पट्ट्या चिकटवून खिळीने ओढलं, जसं अमेरिकेच्या एसी ४३४ या चाचणी-निकषांत आहे, तर टोकाशी जाळीवर बाजूने दाब नसतो. जाळी आतून सरकू शकते आणि नमुना बहुधा सरकूनच जातो. रिलेम या बांधकाम साहित्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीत टोकं दाबून पकडतात. तिथे सरकण्याला वाव कमी, म्हणून जाळीची ताकद जास्त दिसते. एकच माल दोन पद्धतींनी दोन आकडे देतो आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. भिंतीवर तुमची जाळी टोकाला अडकवलेली नसेल तर पहिल्या पद्धतीचा आकडा प्रत्यक्षाच्या जवळचा. टोकाला नीट नांगरलेली असेल तर दुसरीचा विचार करता येईल. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवून आपलं मॉर्टर वाईट ठरवण्याआधी दोघांची पकड कोणती होती ते बघा.

भार-विस्ताराचा आलेखही नीट बघा. विस्तार यंत्राच्या जबड्याच्या हालचालीवरून काढला असेल तर पकडीतली सरकण त्यात मिसळलेली असते. मोजमाप पट्टीच्या मधल्या भागावर लावा. सुरुवातीचा ताठ चढ, मग भेगा पडतानाचे दात, मग पुन्हा चढ, असा आलेख निरोगी. दात संपल्यावर पुन्हा चढ न येता आलेख लोळत गेला आणि पट्टीवर एक-दोनच रुंद भेगा असतील, तर बंध खरंच कमी आहे. चांगला बंध असलेल्या पट्टीवर पुष्कळ, जवळजवळ, बारीक भेगा दिसतात. भेगांमधलं अंतर हा बंध मोजायचा सगळ्यात स्वस्त मापक आहे, त्याला फक्त फूटपट्टी आणि पेन्सिल लागते.

भिंतीवर आधीच झालेलं काम

धाग्याच्या आत मॉर्टर गेलेलं नसेल तर ते नंतर घालता येत नाही, इंजेक्शनने भेगा भरल्या तरी नाही. तेव्हा आधी हातोडीने ठोकत पोकळ जागा खडूने आखा. त्यातून एक-दोन जागी चौकोन कापून बाहेर काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे तुकडा वाचा. दोष थर आणि भिंतीमधला निघाला तर पिनांनी बांधून, ग्राउट भरून पुष्कळदा वाचवता येतं. थर जाळीच्या पातळीत उघडला असेल तर तेवढा भाग काढावाच लागतो.

काढताना कडेला जुनी जाळी उघडी ठेवा, मॉर्टर छिन्नीने हलकेच फोडून. ग्राइंडर जाळीवर चालवू नका. नवी जाळी जुनीवर निदान २०० ते ३०० मिलिमीटर चढली पाहिजे, आणि बिनलेपाचा धागा असेल तर याहून जास्त. जुन्या मॉर्टरची कड तिरकी करा, भिजवून पाणी निथळू द्या, मग वरच्याच क्रमाने थर घ्या. नव्या तुकड्यावर गोणपाट टाकून सात दिवस ओलं ठेवा. दहा-पंधरा मिलिमीटरचा थर जाड गिलाव्यापेक्षा कितीतरी लवकर वाळतो. दिवसातून दोनदा पाइपने पाणी मारून त्याचं भागत नाही. सात दिवसांनंतर पुन्हा ठोकून बघा, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ओढचाचणी करताना किती मेगापास्कलला सुटलं यासोबत कुठल्या पातळीवर सुटलं हेही नोंदवा.